टर्बो नव्हता

ताईविरुद्ध तक्रार करणारा मी होतो. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही आणि ताईला तर नाहीच. ताईला अजून वाटतं की ग्रुपमधल्या कुठल्या तरी अनोळखी, जळकुट्या माणसाने ते केलं. त्यातला अनोळखी हा शब्द तेवढा चुकलाय.

तक्रार होती एका व्हिडिओ गेमच्या स्कोअरबद्दल. पन्नाशीला आलेल्या बहिणीचा स्कोअर, पंचेचाळिशी ओलांडलेल्या भावाची तक्रार. वाचणाऱ्याला हसू आलं तर येऊ दे. हा प्रकार हसण्यावारी नेता येईल असं सुरुवातीला मलाही वाटलं होतं.

आधी ग्रुपचं सांगतो. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद, सगळीकडच्या जुन्या गेमच्या शौकिनांचा फोनवर एक ग्रुप आहे. मी त्यात पहिल्यापासून आहे. वयामुळे आणि थोडा मान म्हणून मला तिथे 'गुरुजी' म्हणतात. अधूनमधून कुठल्या तरी मॉलच्या फूड कोर्टात सगळे भेटतात आणि टेबलावर आपापली जुनी यंत्रं मांडतात. लग्नातलं रुखवत मांडावं तशी. हात लावायचा नाही, नुसतं बघून 'वा' म्हणायचं.

मला या लोकांची चीड आहे. एक जण खोक्यावरचं सील न फोडता खेळ जमवतो. त्यांच्यातला एकही त्याने कधी खेळलेला नाही. लोणच्याची बरणी आयुष्यभर उघडायची नाही आणि चवीवर भाषणं द्यायची, तसला प्रकार. दुसरा पिवळं पडलेलं प्लास्टिक केसांच्या ब्लीचमध्ये भिजवून उन्हात वाळवतो आणि पुन्हा पांढरं करतो. कुणाच्या तरी खिडकीत वर्षानुवर्षं बसून ते यंत्र पिवळं झालेलं असतं. हा ती सगळी वर्षं धुऊन काढतो आणि म्हणतो, "रिस्टोर किया है." तिसरा कॅमेऱ्यासमोर बसून 'बचपन, बचपन' करत डोळे पुसतो. ज्या खेळासाठी रडतो तो बाजारात आला तेव्हा हा जन्मलाही नव्हता.

आणि ती नवी चिनी हँडहेल्ड यंत्रं. तळहाताएवढी, आत दहा हजार खेळ कोंबलेले. माणूस यादीत नुसता खाली खाली जात राहतो. एखादा खेळ उघडतो, दोन मिनिटांत बंद करतो, पुन्हा यादी. त्यात रिवाइंड असतं, म्हणजे मेलात तर एक बटण दाबून मागे जायचं, मेलातच नाही असं समजायचं. मरायची भीतीच काढून घेतल्यावर खेळात राहिलं काय? त्याहून वाईट म्हणजे टर्बो. बटण धरून ठेवलं की यंत्रच ते भराभर दाबत राहतं, तुमच्या बोटाला काम नाही. मग तुम्ही तिथे कशाला बसलाय? उठा, कुकर लावा.

ही मतं माझी आजही आहेत. ती चुकीची आहेत असं मला म्हणायचं नाही. ती हातात घेऊन मी काय केलं ते सांगायचं आहे.

वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. मी आठवीत आणि ताई बारावीत असताना वडिलांनी बाजारातून एक ब्रिक गेम आणला. राखाडी रंगाचा, पेन्सिल सेलवर चालणारा. खोक्यावर हजारो खेळ असल्याचं छापलेलं होतं. तेही खोटंच. खरा खेळ एकच होता. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून, सरकवून खाली सलग ओळ भरायची. ओळ भरली की ती नाहीशी होते. ठोकळ्यांची रास वरपर्यंत पोचली की तुम्ही मेलात.

आईने नियम घातला होता, जो मेला त्याने दुसऱ्याला द्यायचा. नियम साधा होता, पण ताई मरायचीच नाही. मी तिच्या शेजारी पलंगाच्या कडेला बसून राहायचो.

"ताई, मर ना आता."

"तू तोवर अभ्यास कर. एवढ्यात तुझी दहावी होईल."

"आई, ही मरत नाहीये."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "बहिणीला असं बोलू नये रे."

ताईची खेळायची तऱ्हा वेगळी होती. पडणाऱ्या ठोकळ्याकडे ती बघायचीच नाही, खालच्या राशीकडे बघायची. मी विचारलं तर म्हणाली, "पडणारा काय, पडणारच आहे. त्याला जागा कुठे आहे ते बघावं." मला ते तेव्हा समजलं नाही. तिचा हेवा तेवढा वाटला, आणि हेवा वाटतोय हे ओळखायला मला तीस वर्षं लागली.

तिचं लग्न झालं तेव्हा तिने ब्रिक गेम माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "घे. आता तुझीच पाळी." ती मेली नव्हती, सासरी गेली होती. माझी पाळी तशी आली. पुढे मी त्या खेळात पटाईत झालो, जुनी यंत्रं जमवू लागलो, कपाट भरलं. लोक विचारायचे की ही आवड कुठून लागली. मी म्हणायचो, लहानपणापासूनच आहे. ताईचं नाव कधी घेतलं नाही.

मी गुरुग्रामजवळ मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तयार पार्टमधला दोष शोधायचा, तो कशाने आला ते शोधायचं, हे माझं काम. बायको म्हणते घरीही मी तेच करतो. पोळी उचलून आधी उजेडात धरतो.

ताई गाझियाबादला एका सोसायटीत राहते. चार-पाच वर्षांपूर्वी तिच्या हातांना संधिवात जडला. सांधे सुजले, बोटं करंगळीच्या बाजूला कलली. बाहेर निघाली की तिचे हात ओढणीखाली. फोटो काढताना हात पाठीमागे. भाजीवाल्याला पैसे द्यायचे असले तर ते भाऊजी देतात. भाऊजी म्हणजे तिचे यजमान. सबंध आयुष्यात त्यांनी भाजीचा भाव विचारला नव्हता, आता विचारतात आणि फसतात. डॉक्टरांनी बोटं हलती ठेवायला एक मऊ चेंडू दिला होता. ताई म्हणायची, "चेंडू दाबून दाबून कंटाळा आला रे. तो काही म्हणतच नाही."

दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला ओवाळणीचं काही आणायचं माझ्याकडून राहिलं. निघताना कपाट उघडलं. एका जुन्या यंत्राच्या सौद्यात फुकट आलेलं एक नवं चिनी हँडहेल्ड तिथे पडून होतं. सगळ्यात स्वस्तातलं. मी ते कधी नीट चालू करूनही बघितलं नव्हतं. तेच पिशवीत टाकलं.

ताईने ओवाळलं आणि ताटात पडलेल्या वस्तूकडे बघत म्हणाली, "हे काय? पन्नाशीत खेळणं?"

"बोटांना व्यायाम. साडी आणली असती तर तू नावं ठेवली असतीस."

"ती तर आताही ठेवणार."

पण संध्याकाळपर्यंत तिला त्या दहा हजारांच्या यादीत तो ठोकळ्यांचा खेळ सापडला होता. बाकीच्या यादीकडे तिने पुन्हा कधी पाहिलं असेल असं वाटत नाही.

थोड्या महिन्यांनी तिने विचारलं की तुझ्या त्या ग्रुपवर मला घेशील का. अट एकच घातली. "तुझी बहीण आहे हे सांगू नकोस. भावाच्या वशिल्याने आली म्हणतील." मी हो म्हटलं. मला ते सोयीचंच होतं. तिने टोपणनाव घेतलं, त्यावरून ग्रुप तिला पुरुष समजला, आणि तिला त्याची भलतीच मजा वाटायची. फोनवर सांगायची, "आज मला तिघांनी भाई म्हटलं. एकाने तर सिगरेट कुठली पिता विचारलं."

"मग?"

"सांगितलं, सोडली."

आमच्या ग्रुपवर त्या खेळाचे स्कोअर लावले जातात. ज्याने जास्त केले त्याने पूर्ण डावाचा व्हिडिओ टाकायचा. त्यात स्क्रीन दिसली की पुरे. यंत्र जुनं चालतं, नवंही चालतं, पण रिवाइंड नाही आणि टर्बो नाही. हा नियम माझ्याच आग्रहाने झालेला. पहिल्या जागी कैक वर्षं मी होतो. ताई खालून वर येत होती. तिचा प्रत्येक व्हिडिओ मी बघायचो आणि खाली अंगठा दाखवायचो. मोठ्या मनाने.

मग एके दिवशी मानेसरहून परतताना कंपनीच्या बसमध्ये फोन वाजायला लागला. ताईने मला मागे टाकलं होतं. खाली एकाने लिहिलं होतं, "भाई ने तो गुरुजी को धो डाला." त्याखाली हसणारे चेहरे. मी पूर्ण व्हिडिओ बसमध्ये बघितला. घरी आलो, चहा घेतला आणि तो कॉम्प्युटरवर लावला. एकेक चित्र थांबवून.

ठोकळा कडेला सरकवायला बटण पुन्हा पुन्हा दाबावं लागतं. माणसाचा अंगठा ते सारख्या वेगाने करत नाही, दमतो, घाई करतो, अडखळतो. ताईचे ठोकळे इतक्या सारख्या वेगाने सरकत होते आणि इतक्या झपाट्याने, की कुठल्याही अंगठ्याला ते जमणार नाही. मला माझा दोष मिळाला. टर्बो.

आता जे लिहितो तेच खरं सांगायचं आहे. त्या व्हिडिओत मला आणखी दोन गोष्टी दिसल्या होत्या. प्रत्येक सरकण्याबरोबर चित्र जरासं हलत होतं. आणि बटणाच्या टकटकीऐवजी एक दबका आवाज येत होता, गादीवर बोट आपटल्यासारखा. यंत्र स्वतःच बटण दाबत असेल तर यंत्र हलणार नाही, हे कळायला गुरुजी असावं लागत नाही. कारखान्यात एखादा पार्ट असा थरथरला असता तर मी लाइन थांबवली असती. इथे मी त्या दोन गोष्टी बाजूला ठेवल्या आणि उरलेलं लिहून पाठवलं.

पाठवलं ते ग्रुपच्या ॲडमिनला. तो नोएडाचा, जुनी यंत्रं दुरुस्त करतो. मी त्याला म्हटलं, "मेरा नाम बीच में मत लाना."

"गुरुजी, आपने देख लिया तो पक्का ही होगा," तो म्हणाला. त्याने स्वतः व्हिडिओ बघितलाही नाही.

ग्रुपवर त्याने लिहिलं की या स्कोअरबद्दल शंका आली आहे, टर्बो वापरलेला दिसतो. मग सगळे जमले.

"भाई, एक बार हाथ दिखाके खेल दो. बात खत्म."

ताईने लिहिलं, "मेरे हाथ दिखाने लायक नहीं हैं."

"क्यों, नेल पॉलिश लगी है क्या?"

"हाथ रहने दो भाई, टर्बो ही दिखा दो."

मी हे सगळं जागेवर बसून वाचत होतो. तिने ते वाक्य टाइप करायला किती वेळ घेतला असेल हे त्या ग्रुपमध्ये फक्त मला माहीत होतं. मग कुणी तरी विचारलं, "गुरुजी, आप क्या कहते हो?"

मी लिहिलं, "नियम सबके लिए एक है."

त्याच संध्याकाळी ताई ग्रुपमधून बाहेर पडली. तिचा स्कोअर काढून टाकला. ॲडमिनने मला लिहिलं, "बधाई हो गुरुजी, वापस अपनी जगह पर."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "तू होतास ना तिथे? वाचलंस ना सगळं?"

"वाचलं."

"मग एक शब्द नाही बोललास."

"तूच म्हणालीस ना, बहीण आहे हे सांगू नकोस."

ती म्हणाली, "हो, तेही खरंच." आणि मला जेवलास का विचारलं.

त्या रविवारी मी गाझियाबादला गेलो. कशासाठी गेलो ते नक्की सांगता येणार नाही. बहुधा टर्बो सापडावा म्हणून. चहा झाल्यावर म्हटलं, "खेळून दाखव बरं." माझ्यासमोर तिला हातांची लाज नव्हती. तिने मांडीवर उशी घेतली, यंत्र त्यावर जरा अधांतरी धरलं. डावा अंगठा बटणावर नुसता टेकवला. तो अंगठा आता वाकतच नाही, दाबणं तर लांबच. आणि उजव्या हाताची ती कललेली बोटं तिने यंत्राच्या पाठीवर खालून एकामागून एक आपटली. तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी, पुन्हा तर्जनी. प्रत्येक ठोक्याला यंत्र जरा वर उचललं जायचं आणि बटण आपोआप अंगठ्यावर दाबलं जायचं. ठोकळा सरसर कडेला. यंत्र हलत होतं. आवाज दबका येत होता.

"डब्यात पोहे भरले की डबा खालून ठोकतो ना, बसावेत म्हणून? तसं," ती म्हणाली. "अंगठा दाबत नाही म्हटल्यावर मी म्हटलं, राहू दे त्याला तिथेच. यंत्रच अंगठ्याकडे पाठवू."

गेली कित्येक वर्षं मी या यंत्रांमध्ये घालवली. कुठल्या वर्षी कुठल्या रंगाचं निघालं, आतला स्क्रू कसा असतो, सगळं मला पाठ. या बाईने जे शोधून काढलं ते माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, येणारही नव्हतं. माझे अंगठे चांगले होते.

डाव चालू असतानाच तिने विचारलं, "असं चालतं ना रे नियमात?"

"चालतं."

"मग तू सांग ना त्यांना. भाऊ म्हणून नको. गुरुजी म्हणून सांग."

मी म्हटलं, "बघतो."

बघितलं नाही. सांगायला गेलो असतो तर ॲडमिन सगळ्यांसमोर म्हणाला असता, पण गुरुजी, तक्रार तर आपलीच होती. एवढंच कारण. दुसरं शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. ग्रुपचा मान, नियमाची बूज, वगैरे. टिकलं नाही.

आता त्या ग्रुपवर नियम झाला आहे की व्हिडिओत हात दिसले पाहिजेत. सगळे म्हणतात चांगला नियम आहे. फूड कोर्टात भेटलो की नव्या पोरांना सांगतात, गुरुजींच्या काळात लोक इमानदारीने खेळायचे. मी समोसा खातो आणि मान हलवतो. त्यांची चीड येते, पण ती चीड त्यांच्याजवळ पोचायच्या आत माझ्याशीच अडते. ते सील न फोडता खेळ जमवतात. मी न खेळता पहिली जागा जमवली.

ताईने खेळणं सोडलं. एकदम नाही. भाऊजी फोनवर सांगायचे, आज काढलं होतं जरा वेळ, मग म्हणे मूड नाही. नंतर सांगायचंही बंद झालं. मध्ये एकदा म्हणाले, "डॉक्टर विचारत होते, बोटं पुन्हा का आखडली. मी काय सांगणार? हिला विचारलं तर म्हणते थंडी." दिल्लीत तेव्हा पंखे लागले होते.

या भाऊबीजेला ताईने ओवाळलं तेव्हा ताम्हन तिला एकटीला पेललं नाही. भाऊजींनी खालून हात लावला. ती हसून म्हणाली, "बघ, आता ओवाळायलाही जोडीदार लागतो." माझ्या कपाळावर कुंकू लावताना तिचं बोट सरळ येईना, म्हणून मी डोकं पुढे केलं. निघताना तिने ते यंत्र माझ्या पिशवीत ठेवलं. पुसून, चार्जरची वायर नीट गुंडाळून.

"घेऊन जा. इथे धूळ खातंय. तुझ्याकडे कपाट तरी आहे."

"राहू दे ना, खेळशील कधी तरी."

"नको रे. त्यांना वाटतं मी लबाडी केली. यंत्र हातात घेतलं की तेच आठवतं." मग पिशवी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "कोण होता कुणास ठाऊक. बिचाऱ्याला फार लागलं असणार."

घरी येऊन मी ते यंत्र पहिल्यांदा नीट उघडून बघितलं. सेटिंगमध्ये गेलो. आवाज, प्रकाश, भाषा, बस. पुन्हा गेलो, प्रत्येक बटणाखाली काय आहे ते पाहिलं. त्या यंत्रात टर्बो नव्हताच. इतकं स्वस्तातलं की तेवढंही दिलं नव्हतं. मीच आणलं होतं, मीच ओवाळणीत घातलं होतं, आणि तुच्छ म्हणून कधी बघितलं नव्हतं. पाच मिनिटांचं काम होतं.

ते आता कपाटात आहे, त्या जुन्या ब्रिक गेमच्या शेजारी. दोन्ही ताईकडून माझ्याकडे आली. दोन्ही वेळा ती हरली नव्हती.

हे मी लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. ताई वाचते, हेही कधी तरी वाचेल, आणि भावाने तोंडाने सांगायचं ते छापून सांगितलं असं म्हणेल. म्हणून देणं काय आहे ते सरळ लिहितो. तिच्यासमोर बसून, तक्रार मी केली होती, हे मला तिला सांगायचं आहे. मग ग्रुपवर, माझ्या नावाने, टर्बो नव्हता असं लिहून पहिली जागा तिला परत द्यायची आहे. या दोन्हींतलं मी अजून काहीही दिलेलं नाही.